जमिनीत गाडलेलं टेबल

दादा गेल्याची बातमी मला एका चित्रातून कळली. सकाळी सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या स्वयंपाकघरात मी दुधाची पिशवी कापत होते आणि ओट्यावरच्या मोबाइलने टिंग केलं. माहेरच्या, उंब्रजच्या गावकऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी चित्र टाकलं होतं. खाली जळती समई, कोपऱ्यात लालभडक गुलाब, मागे ढगांतून फुटणारा पिवळा उजेड आणि मधोमध माझा सख्खा थोरला भाऊ... डोक्याला कुठल्याशा लग्नातला गुलाबी फेटा आणि गालात जिलबीचा तुकडा. भाच्याचा, म्हणजे संदीपचा फोन त्यानंतर आला. मधल्या त्या वेळात मी काय केलं ते सांगते. मी दादालाच फोन लावला. 'दादा, बघितलंस का हे घाणेरडं चित्र?' एवढंच मला त्याला सांगायचं होतं. पलीकडे रिंग वाजत राहिली, तेव्हा कुठे मला चित्राचा अर्थ लागला आणि मी दुधाच्या पातेल्याशेजारी खाली बसले.

आमचं नातंच तसलं होतं. बाकीच्या भावाबहिणींना एकमेकांची माया असते, आम्हाला त्याशिवाय किळसही सारखीच होती. आई म्हणायची, "देवानं दोगांस्नी एकच नाक दिलंया, आनि त्ये बी मुरडायला." लग्नात आम्ही दोघं मांडवाच्या कोपऱ्यात बसायचो आणि थर्माकोलच्या ताटल्या, नवऱ्याच्या मित्रांनी उडवलेला फेस, मठ्ठ्याच्या पिंपात पडलेली माशी चमच्याने काढून पुन्हा मठ्ठा वाढणारा वाढपी, असं सगळं मन लावून बघायचो. माझं लग्न होऊन मी सांगलीला आले तरी त्यात खंड पडला नाही. रोज दिवेलागणीला त्याचा फोन यायचा. तब्येत नाही, जेवण नाही, पहिला प्रश्न एकच, "काय बगितलंस गं आज?" मग मी त्या दिवशीची सगळ्यात वाईट गोष्ट सांगायची आणि त्याने त्याची. अशी इतकी वर्षं गेली. लोकांना ऐकून विचित्र वाटेल, पण जगाचा वीट आलेल्या माणसाला वीट वाटून घ्यायला कुणीतरी लागतं.

दादा आधी कऱ्हाडच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. छापखाना बंद पडला तेव्हा तो उतारवयात कॉम्प्युटर शिकला आणि उंब्रजच्या घराच्या पुढच्या खोलीत त्याने लग्नपत्रिकांचं काम सुरू केलं. आमच्याकडची पत्रिका म्हणजे साधं काम नव्हे. वधूवरांची नावं बारीक आणि खाली निमंत्रकांची फौज : चुलते, मामा, आजी-माजी सरपंच, तालमीची पोरं. एखाद्या पाहुण्याचं नाव राहिलं तर तो मांडवात येऊन रुसतो आणि क्रम चुकला तर दोन भावक्या बोलेनाशा होतात. हे सगळं दादा बिनचूक करायचा. पण साठी उलटल्यावर त्याचा उजवा हात थरथरू लागला. आमच्या वडिलांचाही असाच थरथरायचा. दादा म्हणायचा, "आबांनी शेतीबरूबर ह्ये बी नावावर केलं बघ." हाताचं त्याला फार वाटत नव्हतं. वाटायचं ते टेबलाचं. हात हलला की टेबल हलायचं, टेबल हललं की कॉम्प्युटरचा पडदा हलायचा आणि मग अक्षर दोनदा उमटायचं. एका पत्रिकेत नवरदेवाच्या मामाचं नाव दोन वेळा आलं आणि चुलत्याचं गळलं. पत्रिका वाटून झाल्यावर ते कळलं. त्यानंतर गावात त्याला तात्या म्हणणारे लोक हळूच म्हणू लागले, "तात्यांचा हात गेला." आणि पुण्याहून संदीप म्हणू लागला, "पप्पा, आता बास करा. पुण्याला चला." दादा मला म्हणाला, "शकू, पुन्यात म्या करू काय? गॅलरीत बसून खालच्या गाड्या मोजू? मला फकस्त न हलणारं टेबल पायजे गं. हात हलू दे, मी त्येला बगून घीन."

तर असं टेबल शोधायला तो सांगलीला आला. मी त्याला एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात नेलं. आत शिरल्याबरोबर डिंकाचा असा उग्र वास आला की मी नाकाला पदर लावला आणि दादाने रुमाल. विक्रेत्याने एक चकचकीत टेबल दाखवलं. त्यावर लाकडाच्या रेषा होत्या, पण त्या छापलेल्या होत्या. एकच गाठ हातभर अंतरावर पुन्हा आणि पुन्हा. खालचा खण ओढायला गेले तर मूठ हातात आली, कारण खण नव्हताच, नुसता देखावा होता. दादाने वाकून फळीची खालची कड नखाने खरवडली. भुसा भुरभुर पडला. "ही फळी न्हाई शकू, ह्ये चहात बुडवायचं बिस्कीट हाय," तो म्हणाला. मग त्याने विक्रेत्याकडे पेलाभर पाणी मागितलं. अगदी काठोकाठ. पेला टेबलावर ठेवून त्याने शेजारी दोन बोटांनी टाइप केल्यासारखं केलं. पाणी सगळीकडून सांडलं. विक्रेता चिंधीने पुसता पुसता म्हणाला, "काका, घरात एवढ्या जोरात कोण टाइप करतं?" दादा म्हणाला, "मी करतो. आनि पुसायची घाई कर, न्हाई तर फुगंल." आम्ही चार दुकानं फिरलो. सगळीकडे तोच वास, तीच छापलेली गाठ आणि खाली तोच भुसा. इतकं खोटं सामान लोक पैसे देऊन घरात नेतात, त्यावर गणपती बसवतात, याची मला आजही शिसारी येते.

घरी येऊन मी चहा केला. कपबशी त्याच्या हातात देताना अर्धा चहा बशीत आणि उरलेला त्याच्या पांढऱ्या लेंग्यावर गेला. मी वैतागून म्हणाले, "दादा, नीट धर ना!" त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं... मग म्हणाला, "माझाच हात गं. ऱ्हाऊ दे." आणि लेंगा झटकत उठला.

पुढच्या दिवाळीला संदीपने पुण्याहून खोक्यातलं टेबल आणलं आणि वाकड्या किल्लीने स्वतः जोडलं. पोराने प्रेमाने आणलं म्हणून दादा काही बोलला नाही, मला मात्र फोनवर सगळं सांगितलं. पावसाळ्यात त्या टेबलाची कड पुरीसारखी फुगली. तिच्यावर पांढरी बुरशी आली आणि फटीत झुरळांनी अंडी घातली. एक दिवस की-बोर्डची सरकती फळी खिळ्यांसकट त्याच्या मांडीवर पडली. समोर मुलीचे वडील पत्रिका करायला बसले होते. ते "पुन्यांदा येतो" म्हणून उठले आणि थेट कऱ्हाडला गेले. त्या संध्याकाळी दादाने मला 'काय बगितलंस' असं विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "जातो गं पुन्याला."

मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी एसटीने उंब्रज गाठलं. मागच्या पडवीत आमचं जुनं उखळ अजून आहे. त्यात कोंबड्या बसतात, आणि त्या काय करून ठेवतात ते सांगत नाही. मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "दादा, आईने आणि मी यात मुसळाने किती कांडलं, पण हे कधी हललं का? का नाही हललं? कारण ते जमिनीत पुरलंय." दादा त्या घाणीकडे बघत उभा राहिला आणि एकदम हसला. बांधावरची बाभळ वाऱ्याने पडून वाळली होती. तिच्या फळ्या काढायला सांगून त्याने शिवा सुताराला बोलावलं.

शिवा म्हणजे आमच्या गावचा मोठा वीट. गाडीची चाकं आणि गोठ्याचे खांब याच्यापलीकडे त्याने काही केलेलं नाही, आणि काम करताना त्याची तंबाखूची पिंक नेमकी नव्या भिंतीवर जाते. बेत ऐकून तो म्हणाला, "आवं तात्या, टेबल का म्हशीचा खुटा? फरशी फोडून पाय गाडायचं?" दादा म्हणाला, "व्हय. हातभर खोल. वर सिमिट." लांबी सांगायची वेळ आली तेव्हा दादाने भिंतीएवढी सांगितली, दोन खुर्च्या शेजारी मावतील अशी. मी म्हटलं, "एकट्या माणसाला एवढं कशाला?" तो म्हणाला, "असू दे गं." आठवडाभर खोलीत भुसा, पिंका आणि सिमेंटचा चिखल होता. मी नाक धरून तिथेच बसून राहिले.

टेबल झालं. दादाने तांब्याने पेला भरला, काठोकाठ, आणि टेबलावर बुक्की मारली. पाणी जागचं हललं नाही. तो असा हसला की मला वडील आठवले... पण आमच्या हातून एक घोडचूक झाली होती. पावसाळी दिवसांत जागा ठरवल्यामुळे, समोरची खिडकी पश्चिमेची आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ऊन पडल्यावर कळलं की दुपार कलली की सूर्य बरोबर दादाच्या डोळ्यांत येतो. दुसरं कुठलं टेबल असतं तर फिरवलं असतं, याचे पाय हातभर जमिनीत. शेवटी त्याने खिडकीला आपला अंघोळीचा टॉवेल अडकवला, तो कायमचा. तेलकट, पिवळट, मधे विरलेला. मी दर खेपेला म्हणायचे, "अरे, धू तरी!" तो म्हणायचा, "धुतला तर ऊन गाळून यील, घट्टपना जाईल." त्या टॉवेलाखाली बसून, उजवं मनगट टेबलाच्या कडेवर दाबून तो काम करायचा. मनगट दाबलं की थरथर तिथेच अडायची आणि बोटं मोकळी चालायची. कडेला तिथे हळूहळू एक काळसर, गुळगुळीत खळगा पडला. कऱ्हाडला गेलेली माणसं परत आली, पुण्याचं नाव निघालं नाही. गेल्या महिन्यात तो झोपेतच गेला, तेव्हा यंत्रावर एक पत्रिका अर्धी जुळवलेली होती. मामांपर्यंत आली होती.

राख सावडायच्या दिवशी नदीवर भाषणं झाली. आमच्याकडे मेलेल्या माणसाला तेवढं सोसावंच लागतं. पांढऱ्या कपड्यातले एक पुढारी माइक धरून म्हणाले की तात्यांनी गावातल्या तीन पिढ्यांचे कपडे शिवले. शिंपी तात्या वेगळे, ते अजून जिवंत आहेत आणि समोरच बसले होते. कुणी हसलं नाही, कुणी चूक सांगितली नाही. मान खाली घालून सगळ्यांनी ऐकलं. माझ्या नाकपुड्या फुगल्या आणि मी सवयीने शेजारी वळून बघितलं. शेजारी माझ्या वारलेल्या वहिनींची भाची बसली होती, मोबाइल बघत... त्या क्षणी मला दादा गेल्याचं पहिल्यांदा खरं वाटलं. आता हे कुणाला सांगू?

तेराव्यानंतर संदीपने पुढची खोली भाड्याने द्यायची ठरवली. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या कुणाला तरी ती हवी होती. टेबल दारातून निघणार नाही, तेव्हा पाय कापायला त्याने शिवालाच विजेची करवत घेऊन बोलावलं. मी आत बसून दादाचे कागद आवरत होते. त्याच्या जागेवर बसवेना म्हणून शेजारच्या रिकाम्या जागेवर खुर्ची ओढली होती. तहान लागली म्हणून तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि उगाच, त्याच्यासारखं, काठोकाठ भरलं. पेल्यातलं पाणी आरशासारखं स्थिर. मग मी पेला उचलला. ओठांपर्यंत येईतो निम्मं पाणी माझ्या पदरावर होतं.

मी पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. टेबल हलत नव्हतं.

शिवा दारात करवत घेऊन उभा होता, तोंडात तंबाखू. पहिल्यांदाच त्याने पिंक बाहेर जाऊन टाकली. "आक्का," तो म्हणाला, "तात्या तवाच म्हनलं हुतं. म्या इचारलं, एवढं लांब कुनासाटनं? तर म्हनलं, भैनीला लागंल. तिला अजून ठावं न्हाई, तू बोलू नगंस."

बशीत सांडलेला तो चहा मला आठवला. 'माझाच हात गं,' म्हणाला होता. माझी थरथर मला कळायच्या आधी त्याने स्वतःच्या लेंग्यावर घेतली होती, आणि घरी जाऊन माझ्यासाठी जागा करून ठेवली होती. मी तिथे बसून ओक्साबोक्शी रडले. संदीप धावत आला. मी त्याला माझा हात दाखवला आणि म्हणाले, "खोली मला दे." त्याने हाताकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं आणि शिवाला करवत घेऊन जायला सांगितलं.

हा लेख मी त्याच टेबलावर लिहिते आहे. अर्धी राहिलेली पत्रिकाही पुरी केली, चुलते एकूण एक बघून घेतले. आता मी दादाच्या जागेवर बसते, कारण खळगा तिकडे आहे. त्यात मनगट बसतं, जरा सैल होतं, पण बसतं. शेजारची जागा रिकामी असते. ऊन कलायला लागलंय आणि समोर तो टॉवेल लोंबतोय. बघवत नाही. त्याला तेलाचा, घामाचा आणि आणखी कशाकशाचा वास येतो, कडेला माश्या बसतात. थोड्या वेळाने दिवेलागण होईल, तेव्हा मी रोजच्यासारखं, फोनशिवायच, त्याला सांगेन. हा टॉवेल बघितला, दादा. इतका गलिच्छ टॉवेल उभ्या जन्मात बघितला नाही. आणि हात लावशील तर याद राख म्हणून मी संदीपच्या बायकोला बजावलंय.