मी दिलेला कौल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, माझ्याबरोबर रानात राहिलेल्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतो — जमेल तसं.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. राहतो श्रीरामपूरला, पण माझं काम अकोले तालुक्याच्या डांगाणात, म्हणजे डोंगराळ पट्ट्यात, घाटाला लागून असलेल्या देवरायांमध्ये. विषय फळं खाणारे पक्षी, त्यातही कुटुर्गा. हिरवा, जाड चोचीचा, दिवसभर ओरडणारा. रानाचे तुकडे झाले की पिढ्यांमागून पिढ्या या पक्ष्यांत काय बदलतं, ते मला बघायचं होतं. तसं समजायला सोपं आहे. कुटुर्गा फळ बहुतेक वेळा अख्खं गिळतो, म्हणजे चोचीची फाक जेवढी, तेवढंच फळ. मोठ्या फळांची झाडं गेली की रुंद चोचीचा उपयोग संपतो. पलीकडच्या रानातून नवे पक्षी यायचे थांबले की उरलेल्यांची आपसातच पिल्लं होतात. आणि मोठी बी लांब नेऊन टाकणारं कुणी नसलं, की ती झाडंही परत उगवत नाहीत.

पण मला मिळायचे ते तुकडे सगळे जुने, पणज्यांच्या काळात तुटलेले. तुटण्याआधी तिथले पक्षी कसे होते, कोण सांगणार? मला हवी होती एक अखंड राई, जिथल्या पक्ष्यांची मापं माझ्याकडे आहेत — आणि जी माझ्या डोळ्यांदेखत तुटेल. हे मी कधी मोठ्यानं म्हटलं नाही. मनात मात्र स्वच्छ होतं.

अशी एक राई होती. तिथले कुटुर्गे मी जाळ्यात धरून, चोची मोजून, पायात कडी घालून सोडले होते. राईच्या दोन बाजूंना दोन वाड्या. आजारी माणूस झोळीत घालून न्यावा लागे, म्हणून रस्ता मंजूर झाला. तो राईतून नेता येत होता, नाहीतर वळसा घालून भाताच्या खाचरांच्या कडेनं. वळशाला जागा सोडायला खाचरवाले तयार होते. हे मला आधीपासून माहीत होतं — एवढं लक्षात ठेवा.

त्या गावात देवीला विचारल्याशिवाय राईतली वाळकी काटकीही उचलत नाहीत. म्हणून रस्ता राईतून न्यावा का, असा कौल लावला. देवीच्या तांदळ्याला, म्हणजे शेंदूर फासलेल्या बिनघडीव दगडाला, दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या सकाळी एकही पडेना. ऊन चढलं.

“देवी झोपली काय रं?” मागून एकजण म्हणाला.

“न्हाई, तुझं त्वांड बघून गप बसली,” बायकांत बसलेल्या सखूबाईनं तिथल्या तिथं सुनावलं. हशा पिकला.

मग गावातले जाणते धोंडूबाबा माझ्याकडे वळले. “सर, तुमी ह्या पाखरांमागं लई फिरलाय. मदनं रस्ता गेला तर ती ऱ्हातील का जातील? तुमी म्हनाल तसं करू.”

मला काय माहीत होतं? ही पाखरं झाडोरा सोडून उघड्यावर सहसा येत नाहीत, हे माहीत होतं. रस्ता नुसता रस्ता राहत नाही, दोन्ही बाजूंची झाडं जातात, हेही. ‘वळसा घ्या,’ एवढे दोन शब्द पुरले असते.

मी म्हणालो, “बाबा, पाखरांना पंख आहेत. पलीकडं जायला त्यांना एस.टी. लागत नाही.”

सगळे हसले. मीही हसलो. “व्हय की,” म्हणत बाबा उठले. त्यानंतर कळीकडे कुणी पाहिलं नाही. देवीनं न दिलेला कौल मी दिला.

रस्ता राईतूनच गेला, तिचे दोन तुकडे झाले. मोठ्या फळांची जांभळाची झाडं वाटेवरच होती, ती आधी गेली. मी वर्षानुवर्षं जात राहिलो, मोजत राहिलो. लहान तुकड्यातल्या नव्या पक्ष्यांच्या चोची अरुंद भरू लागल्या. याला उत्क्रांती म्हणायला अजून कितीतरी पिढ्या जाव्या लागतील, अपुऱ्या खाण्यानंही चोच खुजी राहू शकते — शोधनिबंधात मी हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. हो, तिथं मी फार प्रामाणिक होतो. राई कशी तुटली, तेवढं एका ओळीत उरकलं: विकासकामामुळे. निबंधाचं कौतुक झालं. मी ते घेतलं.

त्या तुकड्यात आता कुटुर्गा ओरडत नाही.

मी नको म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का? ऐकलं असतं. हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय, उत्तर दर वेळी तेच येतं.

परवा धोंडूबाबांचा फोन आला. शेजारच्या गावाच्या राईतूनही रस्ता काढायचं चाललंय. “त्यांना म्या सांगितलं, आमचे सर म्हनलेत, पाखरांना काय बी व्हत न्हाई. तुमी येऊन दोन शब्द बोला म्हंजे त्यांचाबी जीव भांड्यात पडंल.”

“बघतो, बाबा,” मी म्हणालो. म्हातारा खूश झाला. फोन ठेवला.

दोन्ही गावांसमोर उभं राहून, मी तेव्हा जाणूनबुजून खोटं बोललो आणि ते का, हे सांगायचं देणं माझ्याकडे आहे. अजून मी गेलेलो नाही.