खुशालरावांच्या हातचा लसूण

श्रावणात खुशालराव गेले आणि दिवाळीआधी मुलगा गोपाल आईला तेल्हाऱ्याजवळच्या गावाहून अमरावतीला, आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. शेत ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर, दुसऱ्याला कसायला दिलं. रुख्मिणीबाईंनी सामानात फार काही घेतलं नाही. एक मात्र त्या एसटीत मांडीवर घेऊन बसल्या होत्या: गावरान लसणाची शेवटची जुडी. दरवर्षी त्यातले मोठे गड्डे खुशालराव स्वतः निवडत, बियाण्यासाठी सुतळीने बांधत आणि चुलीवरच्या आढ्याला टांगत. यंदाची गाठही त्यांचीच होती. ठोकेदाराला लसणाशी देणंघेणं नव्हतं, म्हणजे हे बी आता या एका जुडीतच उरलं होतं.

गच्चीच्या कडेला बाईंनी रंगाच्या रिकाम्या बादल्या मांडल्या, त्यांच्या बुडाला भोकं पाडून घेतली. मातीवरून सुनेशी वाजलं. पौर्णिमा तिवशाची, गच्चीवर पालक-कोथिंबीर लावणारी.

"आई, काळी माती कुंडीत दगडावानी बसते. रेती अन् शेणखत मिसळा."

"चाळीस वर्षं त्याच मातीत लसूण काढला आमी. तू मले शिकवून राहिली का?"

गोपालला तेल्हाऱ्याला जाऊन आपल्या वावरातली दोन पोती माती आणावी लागली. बाईंनी बादल्यांत ती चाळून भरली आणि वास घेऊन बघितला. विहिरीजवळच्या वाफ्याचाच वास. त्यांना रडू आलं. गाठ न सोडता त्यांनी देठांपासून गड्डे कापून घेतले, देठांसकट सुतळी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली आणि टोक वर ठेवून एकेक पाकळी खोचली. एकही मागे ठेवली नाही. या मातीवर अविश्वास दाखवायचा म्हणजे धन्यावरच दाखवायचा, असं त्यांना वाटलं.

आठवडाभरात हिरवी पाती वर आली. बाई शेजारच्या गोदाबाईंना हात धरून गच्चीवर नेऊ लागल्या. पौर्णिमेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "पाह्य, म्हटलं होतं ना म्या!"

पौषात पाती टोकाकडून पिवळी पडली. वर मातीला भेगा पडलेल्या. बाईंना वाटलं, तहान लागली. वावरात भेगा पडल्या की पाणी सोडायचं, एवढं कोणाला शिकवावं लागतं? त्यांनी सकाळ-संध्याकाळ तांब्या ओतला. वावरातलं पाणी खाली जायला जागा असते. बादलीतल्या या चिकट मातीने ते बुडाशी धरून ठेवलं, आणि भोकं कधीच बुजली होती. वरून कोरडं, आतून चिखल. पाती आणखी लोळली, बाईंनी आणखी पाणी घातलं.

माघातल्या एका दुपारी त्यांनी एक रोप उपटलं. मुळंच नव्हती. मातीतून नासका वास आला आणि पाकळी बोटांत चिरडली. त्यांनी दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. मग एकेक करून सगळ्या बादल्या उलट्या केल्या. मातीचे आख्खे साचे बादलीच्या आकाराचे बाहेर पडले. त्यात एकही धड गड्डा नव्हता.

पौर्णिमा कपडे वाळत घालायला आली आणि बालटी हातातच धरून थांबली. बाई वाट बघत होत्या, की आता ही बोलेल, सांगितलं होतं म्हणेल. बोलली असती तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं. पण ती बाजूला येऊन बसली आणि ढेकळं गोळा करू लागली.

"त्याईनं इतकी वर्षं जपलं," बाई म्हणाल्या, "अन् म्याच बुडवलं व."

"पुढच्या कार्तिकात बाजारातलं बी लावू, आई. रेती मिसळून."

"लाव."

खाली आल्यावर बाईंनी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची सुतळी काढली. वाळकी देठं अजून त्याच गाठीत घट्ट होती. त्यांनी ती पदराने पुसली आणि परत खिळ्याला अडकवली.

"लाव," त्या पुन्हा म्हणाल्या. "पण त्याईचा लसूण म्हणू नको कोणाले."