हृदयाची पुढची भिंत

माझी मोठी बहीण, आक्का, लातूरला क्लासच्या पोरांची मेस चालवायची. दाजी गेल्यावर जळकोटच्या घराला कुलूप लावून ती लातूरला आली, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि डॉक्टर व्हायचं म्हणून खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरापोरींना जेवू घालू लागली. तिला स्वतःचं लेकरू नव्हतं. पोरं तिला मावशी म्हणायची, आणि ती त्यांच्यावर सख्ख्या आईसारखी खेकसायची. ताटात भाजी टाकलेली तिला खपत नसे.

तिला झटका आला त्या दिवशी पोरांची मोठी परीक्षा होती. सकाळी पोळ्या लाटता लाटता तिच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं. मग जबडा जड झाला आणि घामानं पोलकं भिजलं. शेजारच्या गल्लीतली एक बाई तिच्या हाताखाली कामाला होती. सगळे तिला खाला म्हणत. खालानं तिचं तोंड बघितलं आणि लाटणं काढून घेतलं.

"आक्का, चेहरा उतरला तुमचा. चला दवाखान्यात, रिक्षा बोलावते मी."

"पित्त हाय गं. पोरं जेवून जाऊ दे, मग बघू."

पोरं जेवली, तिच्या पाया पडून परीक्षेला गेली. आक्का सोडा पिऊन आडवी झाली. छातीत दुखलं असतं तर आपण दवाखान्यात गेलो असतो, असं ती पुढं म्हणायची. पण छातीत दुखलंच नाही. संध्याकाळी पोरं आली तेव्हा उशीला टेकून तिनं एकेकाला पेपर कसा गेला ते विचारलं. दुसऱ्या दिवशी मोरीपर्यंत जाताना तिला दम लागला आणि ती दाराला धरून खाली बसली. मग मात्र खालानं काही ऐकलं नाही. तिला रिक्षात घातलं आणि मला फोन केला.

मी नांदेडला शाळेत शिकवते. वर्ग तसाच सोडून मी बस धरली. पोचले तेव्हा आक्काची अँजिओग्राफी झाली होती. डॉक्टरांनी मला पडद्यावर नळ्या दाखवल्या. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मोठी नळी पार बंद होती. दुसऱ्या एका नळीतही अडथळा होता, पण बारीक तार आत सारून त्यांनी अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजला होता. तिथून रक्त पुरेसं जात होतं.

"मग बंद झालेली उघडा ना," मी म्हणाले.

"उघडू. पण आता उशीर झालाय. तिथलं मांस जिवंत आहे का, ते आधी बघायला पाहिजे. कधी कधी रक्त कमी पडलं की हृदयाचं मांस मरत नाही, काम थांबवून नुसतं पडून राहतं. तसं असेल तर रक्त मिळाल्यावर ते पुन्हा काम करायला लागतं. मेलेलं असेल तर नळी उघडून फार काही हाती लागत नाही."

नुसतं पडून राहतं, एवढंच मी लक्षात ठेवलं. आक्कालाही तेवढंच सांगितलं.

तिची तब्येत जरा स्थिर झाल्यावर ती तपासणी झाली. आक्काला डाव्या कुशीवर झोपवलं, हाताला सलाईन लावलं. त्यातून हृदयाला जोर देणारं औषध हळूहळू वाढवत न्यायचं आणि सोनोग्राफीसारख्या यंत्रावर बघत राहायचं. मला पायाशी उभं राहू दिलं. पडद्यावर करड्या रंगात तिचं हृदय दिसत होतं. मागची भिंत आत यायची, बाहेर जायची. पुढची तशीच उभी होती.

औषध वाढवलं. मागची भिंत आणखी जोरानं आत येऊ लागली. मी पुढच्या भिंतीवरची नजर काढली नाही.

"हलून राहिली का?" आक्कानं विचारलं. तिला पडद्याकडं बघायचं नव्हतं.

"कडेला थोडी हलतेय," डॉक्टर म्हणाले.

"आन् मधली?"

त्यांनी औषध आणखी एकदा वाढवलं. आक्काचे ओठ थरथरत होते, धडधडतंय म्हणाली. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले.

"मधली नाही, मावशी."

"बरं," आक्का म्हणाली.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, नळी उघडण्यात आता फायदा नाही, गोळ्यांवरच ठेवू. मग म्हणाले, "त्याच दिवशी दुपारपर्यंत आल्या असत्या तर..." आणि थांबले. वाक्य पुरं झालं असतं तरी मला त्यात नवीन काही कळणार नव्हतं.

मेसची पोरं भेटायला आली. त्या सकाळचं खालानं त्यांना सांगितलं होतं. चाकूरची एक मुलगी पलंगाशी रडायला लागली. "मावशी, आम्ही वडापाव खाऊन गेलो असतो की हो."

"वडापाव खाऊन पेपर लिहितात व्हय?" आक्का म्हणाली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

मेस खालाकडं देऊन मी आक्काला नांदेडला घेऊन आले. भट्टीसमोर उभं राहणं तिला आता झेपणारं नव्हतं. गोळ्यांनी पायांची सूज उतरली, झोप लागायला लागली. पण बोलता बोलता दम लागतो, म्हणून ती कमी बोलते. पूर्वीची आक्का एका दमात पंगतभर पोरांना रागवायची. माझ्या जेवणात मीठ कमी असलं तरी आता काही म्हणत नाही.

मध्यंतरी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "ती पोरगी खरं बोलली बघ. एक दिवस वडापाव खाल्ला असता तर काय झालं असतं?"

तिनं जुडी संपवली आणि काड्या वेगळ्या केल्या.

माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली देवळापर्यंत जाऊन यायचं तर परत येताना आक्का मधल्या वळणावर पायरीवर बसते, आणि येणारी-जाणारी माणसं तिला ओलांडून जातात. ती सगळ्यांना सांगते, बसले जरा. तळमजल्यावर एखादं घर मिळतं का, ते आम्ही बघून राहिलोय.