लाल दिव्यांचा लॅपटॉप आणि माझं भाषण

मंडळी, शाळाशाळांत गेमिंगविरुद्ध घसा फोडून बोलणारा मी आज सकाळी रत्नागिरीतल्या दुकानातून चक्क गेमिंग लॅपटॉप घेऊन आलो. हसा खुशाल!

माझी मुलगी मुग्धा घरांची थ्रीडी चित्रं करते. तिचा डेस्कटॉप बंद पडला. तसाच दुसरा घेतला तर गिऱ्हाइकाकडे नेता येत नाही, आणि इथे काम जमलं नाही तर तिला मुंबई गाठावी लागणार.

दुकानात मी आधी एक सडपातळ, सभ्य लॅपटॉप पसंत केला. शेजारच्या त्याच किमतीच्या गेमिंग लॅपटॉपकडे बघितलंही नाही.

दुकानदार हसला. "सर, आमच्या पोराच्या शाळेत तुम्हीच बोललात ना? मग हा गेमिंगवाला तुम्हाला दाखवू कसा?"

मुग्धा म्हणाली, "बाबा, भांडण नको. दोन्हींवर माझी फाइल उघडून बघू."

माझ्या सभ्य लॅपटॉपवर तिच्या फाइलमधलं जयगडचं एक घर जागच्या जागी अडकलं. लाल दिव्यांच्या त्या गेमिंग धुडावर, गेमसाठीच्या दणकट ग्राफिक्स कार्डामुळे, ते भिंगरीसारखं फिरलं. "पण वजन भारी, पंख्याचा आवाज मोठा, बॅटरी जेमतेम," मी कुरकुरलो.

"चार्जर बरोबर नेईन हो," ती म्हणाली. "पण इथेच राहून काम होईल. तुमच्या भाषणात हे कधी येत नाही."

मी पाकीट काढलं.

शनिवारी पुन्हा एका शाळेत बोलायचंय. व्यसनावर बोलणारच, त्यात माघार नाही. पण आधी मुलांना विचारीन, "कॉम्प्युटरवर तुम्ही करता तरी काय?" इतक्या वर्षांत हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

तुम्ही घरात विचारलंय?