ढब्बूचा अंगठा

घरामागे गाडी ठेवायची एक खोली होती. गाडी कधी आलीच नाही, म्हणून थोरलीने तिथे भट्टी आणि चाक आणून बसवलं आणि त्या खोलीला ती रुबाबात कारखाना म्हणू लागली. कारखान्यात एक फळी होती. तिच्यावर झिजून पातळ झालेली साबणाची वडी, गरम पाण्याची रबरी पिशवी, उडालेला बल्ब असला सगळा टाकाऊ संसार ओळीने मांडलेला. त्यावरूनच ती चिनीमातीची भांडी घडवायची. साबणाच्या वडीवरून लोण्याची बशी झाली, रबरी पिशवीवरून पाण्याचा जग, बल्बवरून मिठाची बरणी. लोक हौसेने घेऊन जायचे. आई मात्र प्रत्येक नवं भांडं उलटंसुलटं करून एकच विचारायची, "ही वस्तू घरात होतीच की. मग परत कशाला केलीस?"

दहा वर्षं थोरली हाच प्रश्न ऐकत आली होती.

आईचा स्वतःचा मग होता, अॅल्युमिनियमचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तो दगडी पायरीवर आपटला आणि कानाच्या वर त्याला पोचा आला. त्या पोच्यात आईचा अंगठा बसला तो पन्नास वर्षं. दुसऱ्या कशातून चहा प्यायला तर तो तिला चहा वाटतच नसे.

पुढे तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात वाचला, पण अर्धामुर्धा. बोटं वळायची, पकड मात्र सैल पडली आणि गरम-गार कळेनासं झालं. पोच्याच्या आधाराने तो मग तेवढा ती उचलायची. एके सकाळी तापलेल्या कानाने तिची बोटं भाजली आणि तिला पत्ताही लागला नाही. फोड पाहिले ते धाकट्याने. हा नळ दुरुस्त करणारा, अंगाने आडवा, म्हणून घरात ढब्बू. मनाने फार हळवा. हळव्या माणसांना घाई फार. त्याने तो मग उचलला आणि त्याच दुपारी भंगारवाल्याला देऊन टाकला.

आई त्या दिवसापासून ढब्बूशी बोलेना आणि चहाला शिवेना. थोरली चमच्याने पाजायला गेली की तोंड मिटून घ्यायची. "भरवायला मी काय तान्ही आहे?" डॉक्टरीणबाई येऊन हात बघून गेल्या आणि दाराशी हळूच म्हणाल्या, "त्यांनी हा हात वापरला नाही, तर आहे तेवढी पकडही जाईल." दोन महिने आईचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. 

थोरलीने नवा मग करायला घेतला. भिंत जाड, म्हणजे पोळणार नाही. कान रुंद, चारही बोटं मावतील असा. ओला मग आईपुढे धरून ती सहज म्हणाली, "आई, माती मऊ आहे का गं, जरा दाबून बघ." आईने जन्मभर पीठ मळलेलं. तिने अंगठा रोवला आणि म्हणाली, "सैल झालीय." थोरली मनातल्या मनात नाचली.

तो मग भाजून निघाला. आईने अंगठा टेकवला, तर तो आत जाईना.

"हा बाहुलीचा आहे का?" म्हणून तिने तोंड फिरवलं.

आता बघा, माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. आठ बोटं आत जाते, सात बोटं होऊन बाहेर येते. हे थोरली शिकायला येणाऱ्यांकडून पहिल्या दिवशी घोकून घ्यायची, आणि आईचा अंगठा मातीत उमटलेला पाहून स्वतःच विसरली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढच्या मगावर तिने हिशेबाने मोठी खळगी कोरली. मापात चोख, पण आईचा अंगठा तिच्यावरून घसरला. दाबून झालेली खळगी आणि कोरून काढलेली खळगी यांत फरक असतो, आणि तो त्या अधू हातालाही कळला. म्हणजे खराच अंगठा हवा, पण आईच्यापेक्षा जाड. एकवीसऐवजी चोवीस मिलिमीटर.

थोरली मोजपट्टी घेऊन गल्लीभर हिंडली. पाववाल्याचा वीस भरला. सुताराचा बावीस, शिवाय तो वाकडा. शिंपी म्हणाला, "ताई, लोक माझ्याकडे माप द्यायला येतात, तुम्ही घ्यायला आलात!" त्याचा तर अठराच निघाला.

त्याच आठवड्यात कारखान्यातलं बेसिन मातीने तुंबलं. अशा वेळी ढब्बूलाच बोलवावं लागे. तो मागच्या दाराने आला, आईच्या खोलीकडे न बघता. बेसिनखाली आडवा झाला आणि गळक्या सांध्यावर त्याने अंगठा दाबून धरला. मागे कधीतरी पाना पडून चेपलेला, पसरट अंगठा. थोरली मोजपट्टी घेऊन खाली बसली.

"चोवीस!" ती ओरडली. "अरे मेल्या, जग पालथं घातलं मी!"

तो घाबरून उठताना त्याचं डोकं बेसिनला आपटलं. सगळं सांगितल्यावर तो हात पुसत राहिला, पुसतच राहिला. "माझ्याच हातानं गेला ना तो मग," तो म्हणाला. "आता आणखी काही बिघडवलं तर?"

"बिघडलं तर माती आहे. दुसरा करू."

"किती दाबू?"

"पाना आवळतोस तसं नको. आईचे पाय चेपायचास ना, तसं."

पंधरा दिवसांनी ढब्बूच्या अंगठ्याचा मग भट्टीतून निघाला, वर पांढरी झिलई. थोरलीने त्यात चहा ओतला, आईपुढे ठेवला आणि खिडकीशी उभी राहिली.  आईने मांडीवरचा हात उचलला, कानात बोटं घातली. अंगठा खळगीत बसला. भरलेला मग वर उठला आणि ओठांपर्यंत पोचला. थोरलीला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

अर्धा चहा झाल्यावर आईने मग खाली ठेवला. परत कशाला केलास, हे विचारलं नाही. खळगीवरून बोट फिरवत म्हणाली, "हा अंगठा कुणाचा?"

"ढब्बूचा."

आईने अंगठा पुन्हा त्या जागी ठेवला आणि तिथेच राहू दिला. दाराआडून पान्याचा खळकन आवाज आला. एवढं आडवं अंग कुठल्या दाराआड लपणार?

"त्याला सांग, आत ये," आई म्हणाली. "आणि येताना आपला कप आण म्हणावं. हा माझा आहे."