दोडक्याचा मोर्चा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, हॉस्टेलवरच्या मैत्रिणींना नाही — पप्पांना तर नाहीच. आणि सांगायला बसले की आधी हसूच येतं, हेच अवघड आहे. कारण ती सकाळ खरंच मजेची होती.

माझे पप्पा पोलीस हवालदार. तेव्हा त्यांची नेमणूक मुरुडला होती आणि मी तिथून स्कूलबसने लातूरच्या इंग्लिश मीडियम शाळेत जायचे. दरवर्षी गणपतीच्या आधी चौकात पोलिसांची दंगा काबूची रंगीत तालीम व्हायची. म्हणजे काय — तर निम्मे पोलीस दंगेखोर व्हायचे आणि निम्मे त्यांना आवरायचे. दगड म्हणून कागदाचे बोळे. गाव बघायला लोटायचं. आवरणारे लातूरहून यायचे: हेल्मेट, तोंडावर काच, छातीला-गुडघ्यांना काळं चिलखत, हातात ढाल, खांद्याला अश्रुधुराची बंदूक. आणि दंगेखोरांचा पुढारी? कायम माझे पप्पा.

लुंगी, भोकं पडलेलं बनियन, डोक्याला टॉवेल, पोट पुढे. दुसऱ्या गावांत दंगेखोर 'हाय हाय' म्हणत असतील, पप्पा ओरडायचे, "रोज रोज दोडका —" आणि मागचे पोलीस, "न्हाई चालणार!" थोड्या वेळाने अख्खा चौक ओरडायचा. म्हाताऱ्या, चहावाले, सगळे. पप्पांचा डबा भरणारी आई गर्दीतच असायची, पदर तोंडाला लावून म्हणायची, "घरी या, मग दावते मोर्चा." धरायला आले की पप्पा रस्त्यावर आडवे व्हायचे. मग चिलखतातले पोलीसही इतके हसायचे, की त्यांच्या काचेवर आतून वाफ धरायची.

मी आठवीत होते त्या वर्षी श्रुती बघायला आली — माझ्या वर्गातली, लातूरच्या डॉक्टरांची मुलगी. तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं की माझे पप्पा कमांडो आहेत. का सांगितलं? वर्गात सगळ्यांचे पप्पा कुणीतरी मोठे होते. 'हवालदार' हा शब्द मला तिथे उच्चारताच यायचा नाही. आणि हेल्मेटमध्ये काय — कुणीही कुणाचेही पप्पा असू शकतात. मी रांगेतल्या सगळ्यात उंच पोलिसाकडे बोट दाखवलं.

फक्त एक गोष्ट लक्षात आली नव्हती — धरलेल्या दंगेखोरांना आमच्याच समोरून नेणार होते. पप्पा आले. घामाघूम, धुळीने माखलेले, खूश. मला बघून तर चेहरा आणखीच फुलला. श्रुती हसून हसून वाकली होती. "हा वेडा माणूस कोण आहे गं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

हळू नाही म्हटलं. पप्पा हातभर अंतरावर होते. त्यांनी ऐकलं — ऐकलंच. आणि काय केलं असेल त्यांनी? डोळे मोठे केले, मला जन्मात कधी पाहिलंच नाही अशा थाटात ओरडले, "ए पोरी, बाजूला हो! दगड लागंल!" श्रुतीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग त्या उंच पोलिसाशेजारी उभी राहून, त्याच्या बंदुकीला हात लावून, आईच्या मोबाइलवर फोटो काढून घेतला.

तो फोटो पप्पांनी पाहिला. जेवताना खूप बोलले, आम्हाला हसवलं. त्याबद्दल तेवढं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी साहेबांना सांगून दंगेखोरांतलं नाव काढून घेतलं आणि चिलखत मागितलं. आईला म्हणाले, "पोरगी मोठी झाली. बरं दिसत न्हाई आता." भादव्याच्या उन्हात, पन्नाशीला टेकलेला माणूस, ती काच खाली ओढून. पुढारी म्हणून एक नवा पोलीस दिला. तो हजेरी घेतल्यासारखं 'हाय हाय' म्हणाला. कुणी हसलं नाही. बंदुकीचा बार झाला तशी पुढची लहान मुलं रडायला लागली, बाया त्यांना कडेवर घेऊन निघून गेल्या. साहेब म्हणाले, यंदा शिस्तीत झालं.

आता मी नांदेडला शिकते. हॉस्टेलवर कधी वाद रंगतो — पोलीस फार लष्करासारखे होत चाललेत का? पोलिसाची मुलगी म्हणून सगळ्या माझ्याकडे बघतात. मी दोन्ही बाजू नीट मांडते. पप्पांच्या एका सोबत्याचं कपाळ खऱ्या दगडाने फुटलं होतं, हेल्मेट हवंच. आणि ऐन सणात चिलखतवाले दिसले की माणसं दारं लावून घेतात, हेही खरंच. मी सरकारचं नाव घेते, भीतीचं घेते. माझं घेत नाही. एका चौकातला एक हसवणारा पोलीस चिलखतात कुणी घातला, हे मला नेमकं ठाऊक असताना.

पप्पा आता उदगीरला आहेत. परवा व्हिडिओ कॉल आला. नवीन किट मिळालं होतं, आधीच्यापेक्षा हलकं. त्यांनी सगळं अंगावर चढवून दाखवलं — समोरून, बाजूने, गोल फिरून, अगदी हौसेने. मग काच खाली घेतली आणि आतून म्हणाले, "दाव की मैत्रिणींना."

मी मुलींना हाक मारली. फोन त्यांच्याकडे वळवला आणि म्हटलं, "हे माझे पप्पा."

त्यांनी काच वर केली नाही. मीही करा म्हटलं नाही.