भोपाळला गेलेली गोधडी

ग्वाल्हेरचं राज्य विलीन झालं, फौज मोडली आणि आमच्या यांना घरी बसवलं. त्या हिवाळ्यात मी गोधडी शिवायला शिकले. तोवर सुई हातात घेतली होती ती बटणं लावण्यापुरती. सासरे फौजेत, त्यांचे वडील फौजेत. पुरुषमाणूस भरदुपारी घरात असतो हे आमच्या घराला ठाऊकच नव्हतं. हे दाना ओली नावाच्या गल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताट वाढलं की उठायचे, जेवायचे, पुन्हा पडायचे. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं.

शेजारच्या वहिनींचे यजमान सचिवालयात कारकून होते; आम्ही दोघी एकमेकींना वहिनीच म्हणायचो. वहिनींना भिंतीपलीकडून सगळं कळत असणार. एका दुपारी त्या दारात येऊन म्हणाल्या, "चला माझ्याकडे. बोलू नका हवं तर, नुसते टाके घाला."

त्यांच्या खोलीत जमिनीवर जुनं लुगडं ताणून पसरलेलं होतं, चारी कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा असं काहीबाही ठेवलेलं. त्यावर जुन्या कापडांचे थर आणि सगळ्यांत वर रंगीत तुकडे. काठापासून सुरुवात करायची आणि फेर घेत घेत मध्यावर यायचं. माझे टाके वाकडे पडत. वहिनी उसवून देत नसत. म्हणत, "असू दे. पांघरल्यावर कोण बघतं?"

पुढे आमच्यात जीजी नावाची आणखी एक शेजारीण आली. तिच्या घरचं दाल बाजारात दुकान होतं, बोलणं सगळं हिंदीतलं. पहिल्यांदा आम्हाला चिंध्यांत बसलेल्या बघून हसली. "रजाई भरवा लो न बहनजी, काहे को आँखें फोड़ती हो?" मग रोज यायला लागली, आणि वर्षभरात तिचा टाका माझ्यापेक्षा बारीक झाला. वहिनींना त्याचं कोण कौतुक!

एकदा मी घरीच शिवत बसले होते, तेव्हा यांनी आपला फौजी कोट पेटीतून काढून माझ्यापुढे टाकला. "हाही घाल त्यात."

"अहो, चांगला आहे की अजून."

"कुणासाठी चांगला?"

कापड इतकं जाड, की दोन सुया मोडल्या. तरी तो कोट मी थरांत घातला. ती गोधडी हे पांघरायचे आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला वाटलं होतं, त्या कोटाबरोबर यांच्या मनातलं काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही.

वहिनींना मूलबाळ नव्हतं. दोनदा दिवस राहून गेले होते. तिसऱ्यांदा पाचवा महिना पार पडला तेव्हा त्यांनी आपलं लग्नातलं लुगडं काढलं, आणि आम्ही तिघींनी मिळून तान्ह्या बाळाची गोधडी शिवायला घेतली. जीजीने सुरुवातीलाच बजावलं, "कोना खुला छोड़ देना. बच्चा आ जाए, तब पूरी करना. पहले पूरी करो तो अपशकुन होता है." वहिनींनीही मान डोलावली होती.

तेवढ्यात मध्य भारत राज्य मोडलं, नवा प्रांत झाला आणि राजधानी, कचेऱ्यांसकट, ग्वाल्हेरहून भोपाळला गेली. आमच्या ओलीतून रोज कुणाचं तरी सामान निघायला लागलं. स्टेशनाजवळच्या पडावावर टांग्यांची गर्दी, बायकांची रडारड. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेली माणसं कपाटं, पाटे, देव बांधून निघाली होती. वहिनींच्या यजमानांनाही हुकूम आला. बाळंतपण होईपर्यंत इथेच राहा म्हणून मी विनवलं. त्या म्हणाल्या, "त्यांचं जेवणाचं काय? आणि इथे तरी माझं कोण आहे, तुमच्याशिवाय?"

जायच्या आदल्या दिवशी त्या बांधलेल्या सामानात बसून गोधडी शिवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "वहिनी, या. आज पुरी करून टाकू."

"कोपरा उघडा ठेवायचाय ना?"

"तिथे कोण बसणार आहे माझ्याबरोबर? मला पुरीच हवी."

मग दोघी बसलो. जीजी आली, दारातूनच तिने पाहिलं. आत आली आणि तिनेही सुई घेतली. शेवटची गाठ वहिनींनी मारली.

पुढच्या वर्षी ओळखीतल्या एका मुंजीसाठी वहिनी ग्वाल्हेरला आल्या. मूल होऊन बारशाआधीच गेल्याचं आमच्या कानावर आलं होतं. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी चहा टाकला. त्यांनी पिशवीतून ती गोधडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. धुऊन, घडी करून आणलेली होती.

"कुणाला तरी द्या. मला ती घरात बघवत नाही."

मी होकार दिला. त्यांनी कप उचलला, परत ठेवला. मग म्हणाल्या, "वहिनी, आपण पुरी केली म्हणून झालं का हो असं?"

"छे हो! असं कुठं असतं?"

"मग कशानं झालं? सांगा ना."

मी कप पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. त्या उठल्या. चहा तसाच राहिला. दारात मी विचारलं, "तिथे शिवता का काही?" त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. त्या परत कधी भेटल्या नाहीत. पुढे यजमानांची बदली आणखी लांब झाली म्हणे.

जीजीच्या नणंदेला दिवस होते, म्हणून मी गोधडी जीजीकडे नेली. जीजीने हात लावला नाही. "बहनजी, बुरा मत मानना," एवढंच म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. त्यानंतर तीही दुपारची यायची थांबली. भांडण काही नव्हतं. दोघीच समोरासमोर बसलो असतो तर तेच बोलणं निघालं असतं.

ती गोधडी पेटीत तळाशी गेली. रस्त्यावरच्या कुणा बाईला द्यायचं अनेकदा ठरवलं. पण तिच्या पोराला काही झालं तर, या भीतीने हात मागे येई. आणि असं काही नसतं हे मीच वहिनींना सांगितलं होतं.

ओलीतल्या नव्या सुना पुढे विचारायच्या, "काकू, आम्हालाही सिखवा ना गोधडी." मी म्हणायचे, आता दिसत नाही गं नीट. त्या बिचाऱ्या खरं मानून निघून जायच्या.